'दोन भाऊ'ला ओढणाऱ्या

इंजिन बसवू या, असं मेनो पुन्हा एकदा म्हणाला आणि वित्स्केने कॉफीचा मग असा आपटला की ताटलीतले साखरेच्या पावाचे तुकडे बोटीतल्या टेबलभर झाले.

"या बोटीला जन्मात इंजिन नव्हतं," ती म्हणाली. "तिच्या पोटात आता भोक पाडायचं असेल, तर आधी माझ्या पाडा."

"अहो, पण शनिवारी जर..."

"शनिवार मला कळतो. तू नोकरीसाठी या गावात आलास, मी या बोटीत जन्मलेय. त्या शेगडीच्या मागे."

मेनो पावाचे तुकडे गोळा करू लागला. माणूस वाईट नव्हता. बोटींचाच इंजिनियर, सुट्टीचा प्रत्येक दिवस त्याने या जुन्या बार्जच्या गंजलेल्या पत्र्यांवर घालवला होता. पण इंजिनियरला प्रत्येक दुखण्यावर इंजिन हेच औषध दिसतं, त्याला तो तरी काय करणार?

बार्जचं नाव 'दोन भाऊ'. सपाट तळाची, बसक्या पोटाची, एका डोलकाठीची. पूर्वी ती पीट, म्हणजे दलदलीतून कापून सरपणासाठी वाळवलेली माती, आणि बटाटे वाहायची. आल्डसिल गावाच्या जुन्या बंदरात ती सडत पडली होती, तिच्यात झुडपं उगवली होती. गावातल्या आठ-दहा वेड्यांनी तिला हातात घेतलं आणि बरीच वर्षं तिच्यात घातली. वेल्डिंग केलं असतं तर निम्म्या वेळात काम उरकलं असतं, पण यांनी जुन्या रीतीप्रमाणे खिळे लालभडक तापवून, दोन्हीकडून ठोकून एकेक पत्रा जोडला. गावाने त्यांना हसून घेतलं. आता बोट तरंगत होती, शीड नवं होतं, सुकाणू हलत होतं, आणि नेमकी आताच बंदर समितीला अक्कल सुचली होती.

समितीचा नवा नियम असा, की जुन्या बंदरात जागा त्याच बोटीला, जी आपल्या स्वतःच्या साधनांनी कालव्यावरच्या जलद्वारापर्यंत जाऊन परत येऊन दाखवील. मेलेल्या सांगाड्यांना जागा नाही. नियम ऐकायला शहाणपणाचाच वाटे. पण धक्क्यावरच्या त्या मोक्याच्या जागेवर फायबरच्या पांढऱ्याशुभ्र यॉटवाल्यांचा डोळा होता, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि 'दोन भाऊ'ला तिथून हलवलं तर दुसरीकडे कुठेच जागा नव्हती. पुढचा मुक्काम भंगारवाला. शनिवारी सकाळी समितीचा माणूस एप्पिंगा पाहणीला येणार होता.

"वारा नसला तर?" बाउक्येने विचारलं. ती गावातली बेकरीवाली, दंड लोहारासारखे, खिळे ठोकण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. "म्हणजे पूर्वी वारा पडला की तुम्ही काय करायचात?"

सगळ्यांनी ग्याल्टकडे पाहिलं. ग्याल्ट हा वित्स्केचा धाकटा भाऊ. तोही याच बोटीत वाढलेला, आणि गावाच्या दृष्टीने जुन्या जलमार्गांवर शेवटचा शब्द त्याचा.

"वाट बघायचो," ग्याल्ट म्हणाला. "गळ टाकून बसायचो. येतो वारा."

सगळे हसले. वित्स्के हसली नाही. ती भावाकडे बघत राहिली आणि भाऊ मगात बघत राहिला. तिने मूग गिळले, कारण इतकी वर्षं तिने तेच केलं होतं.

खोटं होतं ते. वारा पडला की या मुलखात कोणी गळ टाकून बसत नसे. बटाटे कुजतात, पीटवाला दुसरी बोट बघतो. वारा पडला की त्यांची मेम, म्हणजे आई, कॅनव्हासचा रुंद पट्टा छातीवरून आडवा घ्यायची, काठावर उतरायची आणि कालव्याकाठच्या पायवाटेवरून भरलेली बोट ओढायची. वित्स्के मोठी झाली तशी तिलाही एक छोटा पट्टा मिळाला. वडील डेकवरून बांबू रेटायचे. ग्याल्ट एका खोक्यावर उभा राहून सुकाणू धरायचा, कारण मुलगा होता आणि बोट पुढे त्याचीच व्हायची होती. गाव जवळ आलं की मेम थांबायची, पट्टा उतरवून पाठीमागे धरायची, स्वच्छ एप्रन बांधायची आणि मग दोर नुसताच खांद्यावर टाकल्यासारखं करत गावातून जायची. गाव संपलं की पुन्हा पट्टा. लोकांनी जनावर म्हणू नये म्हणून. तरी म्हणायचेच.

मेम म्हातारी होऊन मेली, पण तिने मुलांना हा विषय कधी बाहेर काढू दिला नाही. ग्याल्टने तो वसाच घेतला. बोटीशेजारी लावायच्या माहितीफलकावर त्यानेच लिहून दिलं होतं, 'केवळ वाऱ्यावर चालणारी बार्ज'. बोटीच्या नाकातल्या कोठडीत मेमचा पट्टा सापडला तेव्हा तो म्हणाला होता, "फेकून दे." वित्स्केने तो घरी नेऊन धुतला, शिवला आणि कपाटात ठेवला. फेकला मात्र नाही.

शनिवारी वारा नव्हता.

नव्हता म्हणजे इतका नव्हता, की चर्चच्या टोकावरचा, वारा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा झोपला असावा. कालवा काचेसारखा. शीड चढवलं आणि ते धुतलेल्या चादरीसारखं लोंबत राहिलं. एप्पिंगा सायकलवरून आला, कोट नीट घडी करून कॅरिअरला लावला, थर्मास काढला.

"दुपारपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "नियमात तेवढं बसतं."

धक्क्यावर माणसं जमली होती. कॅफेच्या अंगणात यॉटवाले सकाळीच खुर्च्या धरून बसले होते, फुकटचा तमाशा कोण सोडतो? मेनोने दोनदा हाताचं बोट ओलं करून हवेत धरलं. बाउक्येने देवाला नावं ठेवली. ग्याल्ट सुकाणूपाशी पाठ ताठ करून बसला होता आणि क्षितिजाकडे बघत होता, जणू वारा पोस्टाने यायचा आहे.

वित्स्केला मेमचा राग आला, ग्याल्टचा आला, स्वतःचा तर सगळ्यांत जास्त आला. एका एप्रनखाली लपवलेल्या गोष्टीपायी ही बोट भंगारात जाणार? ती उठली, सकाळी निघताना कपाटातून काढून सायकलच्या पिशवीत टाकलेला पट्टा काढला आणि सगळ्यांदेखत छातीवरून आडवा घातला.

"हे काय?" मेनोने विचारलं.

"इंजिन," वित्स्के म्हणाली. "बाउक्ये, शिडाच्या कापडाचा तुकडा उरलाय ना? त्याचा एक पट्टा कर. तू माझ्यामागे."

ग्याल्ट ताडकन उभा राहिला. "उतरव ते."

"नाही उतरवत."

"वित्स्के, लोक बघतायत."

"बघू देत. बघायलाच आलेत."

"मेमला हे..." त्याने गर्दीकडे हात केला. "मेमने जन्मभर झाकलं ते तू चव्हाट्यावर मांडतेयस. लाज नाही वाटत?"

"वाटते! इतकी वर्षं 'वारा, वारा' करत गप्प बसले, त्याची वाटते. तुला उतरायचं तर उतर. बोट हलणार."

ग्याल्ट खरंच उतरला. धक्क्यावर जाऊन, गर्दीकडे पाठ करून उभा राहिला. कॅफेतून कोणीतरी शीळ घातली. मेनो बिचारा सुकाणूपाशी गेला. वित्स्केने दोराचं टोक बोटीच्या नाकावरच्या खुंटाला बांधायला लावलं, कारण नाकाला धरून ओढायचं हे कोणालाही सुचेल तसं तिलाही सुचलं. मग त्या दोघी काठावरून पुढे गेल्या आणि वाकल्या.

बोट हलली! धक्क्यावर टाळ्या पडल्या. पण टाळ्या थांबायच्या आतच बोटीचं नाक काठाकडे वळलं, मेनोने सुकाणू पार दाबलं तरी वळतच राहिलं, आणि 'दोन भाऊ' वेताच्या बेटात तोंड खुपसून चिखलात रुतली. कॅफेत हशा पिकला. एप्पिंगाने घड्याळ बघितलं. बांबूने रेटून बोट मोकळी केली, पुन्हा ओढली, पुन्हा तेच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वित्स्के घामाघूम उभी राहिली. काय चुकतंय? हजार वेळा तर केलंय मी हे! आणि मग तिच्या लक्षात आलं, की दोर बोटीला कुठे बांधतात हे तिने आयुष्यात पाहिलेलंच नाही. पट्ट्यात असलेल्या माणसाची बोटीकडे पाठ असते. तिला मेमच्या टाचा माहीत होत्या, वाटेवरचे दगड माहीत होते, दोर मागे कुठे जातो हे तिला कधी कोणी सांगितलं नव्हतं. ते सुकाणूवरच्याला दिसायचं.

ती धक्क्यापर्यंत मागे चालत आली, पट्ट्यासकट. ग्याल्टच्या पाठीशी उभी राहिली.

"कुठे बांधायचा?"

तो वळला नाही.

"ग्याल्ट, मला माहीत नाही. तुला माहीत आहे. सांगायचं नसेल तर नको सांगू, मी चिखलातून ओढीन. पण ओढीन."

"तुझे गुडघे गेलेत," तो म्हणाला.

"मग गेलेल्या गुडघ्यांनी ओढीन."

बाउक्ये मागून म्हणाली, "अहो काका, भांडण घरी जाऊन करा की. इथे बोट जातेय हातची."

ग्याल्टने नाक पुसलं. "डोलकाठीला बांधतात," तो म्हणाला. "वर, डोक्याच्याही वर, म्हणजे दोर वेतावरून जातो. आणि बोटीच्या कुशीला टांगलेला लाकडी फळा पाण्यात सोडतात, नाहीतर ती काठाला चिकटणारच. नाकाला बांधतं का कोणी? बैल आहे का ती?" एवढं बोलून तो बोटीवर चढला, दोर डोलकाठीला बांधला, फळा पाण्यात सोडला, मेनोच्या हातून सुकाणू काढून घेतलं आणि बहिणीकडे न बघता ओरडला, "झटके द्यायचे नाहीत! अंग टाकायचं आणि थांबायचं. ती येईल."

"माहीत आहे मला तेवढं!"

"मग टाक अंग!"

वित्स्केने अंग टाकलं. पट्टा छातीत रुतला. काही क्षण काहीच होत नाही, भिंत ओढल्यासारखं वाटतं, नवखा माणूस तिथेच हार मानतो. मग मागे कुठेतरी ते अजस्र धूड सैल पडतं आणि एक पाऊल मिळतं. एक पाऊल मिळालं की दुसरं मिळतं. "थांबू नकोस," ती बाउक्येला म्हणाली, "थांबलीस तर पुन्हा पहिल्यापासून." तिचे पाय सगळं विसरलेले नव्हते. तिला दुखत होतं आणि तिला भयंकर आनंद होत होता, दोन्ही एकदम.

जलद्वाराकडे जाताना कालवा भर गावातून जातो. पहिली घरं दिसली आणि वित्स्केचा हात आपोआप पट्ट्याच्या बक्कलाकडे गेला. तिने तो हात खाली ओढला, मूठ वळली आणि गावाच्या मधोमध, लोहाराच्या दुकानावरून, चर्चवरून, शाळेच्या कुंपणावरून, वाकलेल्या अंगाने पट्ट्यासकट चालत गेली. कालव्यावरचा उचलता पूल वर झाला. एका दारात एक थकलेली बाई चालायची काठी धरून उभी होती. तिने वित्स्केला पाहिलं आणि तोंडावर हात धरला. मग तो हात काढून मोठ्याने म्हणाली, "माझीसुद्धा!" बस, एवढंच. तिची आई, की आजी, ते विचारायला वित्स्के थांबू शकत नव्हती, पण तिला रडू आलं आणि रडत रडत ती ओढत राहिली.

जलद्वारापाशी एप्पिंगा आधीच पोचला होता. त्याने पेन काढलं, पुन्हा खिशात ठेवलं.

"बाई, तुमच्या जिद्दीचं कौतुक आहे. पण नियमात 'स्वतःच्या साधनांनी' म्हटलंय. स्वतःच्या म्हणजे बोटीवरच्या. काठावरून ओढणं हे साधन बोटीचं कसं होईल?"

धाप लागलेल्या वित्स्केने पट्टा काढला आणि त्याच्या हातात दिला. ओला, जड पट्टा हातात घेऊन काय करावं हे एप्पिंगाला कळेना.

"हा कुठे ठेवलेला असायचा? बोटीवर. हा घालणारी कुठे झोपायची? बोटीवर. कुठे स्वैपाक करायची, कुठे बाळंत व्हायची? त्या केबिनमध्ये, वाकल्याशिवाय उभंही राहता येत नाही तिथे. आम्ही काही भाड्याने आणलेल्या नव्हतो, एप्पिंगासाहेब. शीड बोटीचं, फळा बोटीचा, आणि आम्ही कोणाच्या? डोलकाठीला कधी तुम्ही विचारलंत का, तू बोटीची का म्हणून?"

"तसं नव्हे, मी..."

"तसंच आहे. या बोटीचं नाव 'दोन भाऊ'. कोण होते ते भाऊ, आम्हालाही माहीत नाही. ओढली बायकांनी. तुमच्या नियमात त्या बसत नसतील तर नियम चुकलाय, बायका नाही. आणि लिहायचं असेल तर लिहा की नापास. उद्या टगबोट घेऊन या. पण दोर सोडायला तुम्ही स्वतः या, मी तिथे धक्क्यावर बसलेली असेन."

मागे गावचे लोक सायकली घेऊन जमले होते. एप्पिंगाने पट्टा उलटा केला. आतल्या बाजूला, जिथे छाती टेकते तिथे, कॅनव्हास घासून घासून गुळगुळीत झालेला होता. त्यावर त्याने अंगठा फिरवला. तो काही दगड नव्हता, फक्त समितीचा माणूस होता.

"जाऊन परत यायचंय," तो अखेर म्हणाला. "अर्धंच झालंय. परत नेलीत तर जागा तुमची. समितीला काय सांगायचं ते मी बघतो."

वित्स्केने पट्ट्यासाठी हात पुढे केला, पण तो तिच्या आधी ग्याल्टने घेतला. तो बोटीवरून कधी उतरला ते तिने पाहिलं नव्हतं.

"वेडा आहेस का? पाठीचं ऑपरेशन झालंय तुझं."

"सुकाणू धर."

"मी कधी धरलेलं नाही!"

"मीही हा कधी घातलेला नाही," ग्याल्ट म्हणाला. त्याने बक्कल ओढून पाहिलं. पट्टा त्याला तोकडा पडला, बाउक्येने दोरीने वाढवून बांधला.

वित्स्के सुकाणूपाशी बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिला दिसलं, की दोर डोलकाठीवरून सुटून, वेतावरून तिरका, काठापर्यंत कसा जातो. आणि त्या दोराच्या टोकाला एक पाठ दिसते. चेहरा नाही, नुसती पाठ, जमिनीला समांतर झालेली, आणि दर पावलाला ती आता पडेल असं वाटतं. सुकाणूवरच्याला दुसरं काही दिसतच नाही. आपण मेमच्या मागे चालायचो, एकत्र दमायचो, वाटेत गाणंसुद्धा म्हणायचो. हा इथे कोरड्या पायांनी खोक्यावर उभा राहून, तासन्‌तास, नुसता हे बघायचा. सात वर्षांचा पोर! तिला वाटलं होतं, त्याला आईची लाज वाटते. ती त्याच्यावर इतकी वर्षं रागावली होती आणि तिला आता कळत होतं, की लाज त्याला स्वतःची वाटायची.

"काठाकडे चाललीय!" ग्याल्ट मागे न बघताच ओरडला. "दाब सुकाणू! झोपलीस काय?"

"दाबतेय! तू बडबड करू नकोस, श्वास ठेव!"

गावातून जाताना त्याने मान खाली घातली नाही. त्याचा चेहरा बीटासारखा लाल झाला होता. बाउक्ये त्याच्यामागे दातओठ खात चालली होती. मेनोने मध्येच उडी मारून काठ गाठला आणि दोराला हात घातला, तेव्हा ग्याल्टने त्याला एवढंच म्हटलं, "झटका देऊ नकोस."

शेवटचं वळण आलं. पलीकडे धक्का दिसत होता, 'दोन भाऊ'ची रिकामी जागा दिसत होती, आणि अलीकडे कॅफेचं अंगण. यॉटवाले आता बिअरवर आले होते. त्यातला एक, गळ्यात रुमाल बांधलेला, खुर्चीतून अर्धा उठून ओरडला, "काय आजोबा, घोडा नाही मिळाला का?"

टेबलं खिदळली.

ग्याल्ट थांबला नाही, थांबला असता तर पुन्हा पहिल्यापासून ओढावं लागलं असतं. पण त्याने मान वर केली आणि इतक्या खणखणीत आवाजात उत्तर दिलं, की सुकाणूपाशी बसलेल्या वित्स्केला, पुलावरच्या माणसांना आणि धक्क्यावर दोर झेलायला उभ्या असलेल्या एप्पिंगालाही ते ऐकू गेलं.

"घोडा परवडत नव्हता," तो म्हणाला. "आमच्याकडे आई होती."

वित्स्केने सुकाणू दाबलं, आणि बोट हळूहळू आपल्या जागेला लागली.